मुलाला रिस्पेरिडोन लिहून दिलीय? पहिला डोस द्यायच्या आधी एक वही घ्या

चोपड्याला माझं मेडिकल आहे आणि माझा सख्खा भाचा गेली चार वर्षं याच औषधांवर आहे, म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. मी डॉक्टर नाही, डोस किती ते मी सांगणार नाही. पण डोस बरोबर लिहिलेला असतो आणि घरी गेल्यावर सगळं बिघडतं, ते रोज बघतो.

मागच्या महिन्यात एक ताई आल्या, म्हणे भाऊ हे पातळ औषध पोराला उठूच देत नाही, दोन दिवस झाले नुसता झोपतोय, जेवायलासुद्धा हलवून उठवावं लागतं. विचारलं किती देता? म्हणे डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, अर्धा. चिठ्ठी बघितली तर ०.५ मिली लिहिलेलं. त्या चहाचा अर्धा चमचा देत होत्या, म्हणजे अडीच मिली, म्हणजे पाचपट. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि पोराला लगेच दाखवायला पाठवलं, पोरगा ठीक आहे. पण ही चूक अशी नेहमीची आहे की शेवटी बसून सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

हे रिस्पेरिडोन, एरिपिप्राझोल, ओलान्झापिन, क्वेटियापिन या गोळ्यांबद्दल आहे. यांना अँटीसायकोटिक म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. आमच्या आईनेही भाच्याची स्ट्रिप बघून विचारलंच होतं, "ह्या येडास्न्या गोळ्या शेतस का रे भाऊ?" नाही. काम वेगवेगळं असतं, म्हणून पहिली पायरी तीच.

## १. कशासाठी दिलीय ते एका वाक्यात लिहून घ्या

डॉक्टरांसमोर बसून विचारा, "सर, या गोळीने नेमकं काय कमी व्हायला पाहिजे?" उत्तर वहीच्या पहिल्या पानावर. मुलांना ही औषधं साधारण या कारणांनी देतात: ऑटिझममधली टोकाची चिडचिड, स्वतःला मारून घेणं, दुसऱ्याला चावणं, मोठ्या मुलांमध्ये भास-भ्रम किंवा बायपोलरचा मॅनिया (मूड टोकाला चढणं), टुरेटचे जोरदार झटके (फिट नाही, मान-डोळे-खांदे आपोआप उडणं, तोंडातून आवाज निघणं). ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध खात्याने २००६ साली रिस्पेरिडोनला ५ ते १६ वयासाठी आणि २००९ साली एरिपिप्राझोलला ६ ते १७ वयासाठी मान्यता दिली. चिडचिडीसाठी, ऑटिझमसाठी नाही. हा फरक नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक "गोळीने बोलायला लागेल" या आशेने सुरू करतात आणि दोन महिन्यांत बोलला नाही म्हणून मनाने बंद करतात. बोलणं, मिसळणं, अभ्यास हे या गोळीचं कामच नाही, त्याला थेरपी लागते. नुसती चंचलता असेल, एडीएचडी असेल, तर पहिली पसंती सहसा दुसऱ्या औषधांना असते, मग विचारा की हेच का.

तपासा: वहीत "शांत व्हावा" असं लिहिलंय का? खोडा. "दिवसातून सहा-सात वेळा डोकं भिंतीवर आपटतो, ते कमी व्हावं" असं लिहा. शांत म्हणजे काय ते मोजता येत नाही, आपटणं मोजता येतं.

## २. दुखणं तर नाही ना, ते आधी बघा

जे मूल बोलून सांगू शकत नाही ते हाताने सांगतं. दाढ किडलीय, कान फुटलाय, चार दिवस पोट साफ नाही, जंत झालेत, रात्री झोपच नाही. यातलं काहीही असलं तरी मूल चावतं, मारतं, रडतं. भाच्याचं एकदा आठ दिवस असं चाललं होतं, सगळे म्हणे डोस वाढवा, निघाली ती मागची दाढ. फिटचा त्रास कधी झाला असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

आठवडाभर तीन रकाने भरा: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. बऱ्याचदा दिसतं की मोबाइल काढून घेतला की मारतो आणि मारलं की आपण मोबाइल परत देतो. तिथे गोळी काय करणार?

## ३. सुरुवातीचे आकडे (हे चुकलं तर पुढचं सगळं अंधारात)

जवळपास सगळे ही पायरी गाळतात. सहा महिन्यांनी म्हणतात वजन वाढलं. किती होतं आधी? आठवत नाही.

पहिल्या डोसच्या आधी वहीत हे हवं: वजन, उंची, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी). रिपोर्ट डॉक्टर लिहून देतील, नाही दिले तर विचारा, विचारायला लाजायचं नाही. घरात कुणाला शुगर, हार्टचा त्रास, कुणी अचानक गेलेलं असं असेल तर सांगा, मग कधीकधी ईसीजीसुद्धा काढतात.

खेड्यातून जळगावला किंवा धुळ्याला जाणाऱ्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे सहाच्या एसटीत बसले, पोरगा रडला, बिस्किटाचा पुडा दिला, आणि लॅबमध्ये सांगितलं उपाशी आहे. मग शुगर चुकीची येणार. त्यापेक्षा रक्त आपल्या तालुक्यालाच सकाळी लवकर द्या, रिपोर्ट घेऊन जा. अगदीच उपाशी राहत नसेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) चालेल का ते विचारा, त्याला उपाशी राहावं लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक करतात. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा: चेहरा, तोंड, हात, चालताना. ही औषधं बरेच दिवस चालली की काही मुलांच्यात ओठ चावत राहणं, जीभ फिरवणं, बोटांच्या विचित्र हालचाली सुरू होतात आणि त्या लवकर ओळखल्या तरच फायदा. ऑटिझममध्ये हात हलवणं आधीपासूनच असतं, मग नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते या व्हिडिओवरूनच कळतं.

## ४. मेडिकलवर उभे असताना

आता माझ्या धंद्यातलं सांगतो.

साधी की प्लस? आपल्याकडे रिस्पेरिडोन साधी पण मिळते आणि ट्रायहेक्सिफेनिडिल मिसळलेली पण मिळते. तिच्या नावापुढे बऱ्याचदा प्लस, फोर्ट किंवा असलीच काही अक्षरं असतात. हे दुसरं औषध अंग कडक होऊ नये म्हणून असतं, डॉक्टरांनी लिहिलं असेल तर बरोबरच आहे. पण साधी लिहिली आणि "तीच आहे हो, कंपनी वेगळी" म्हणत प्लस दिली तर तोंड कोरडं, पोट घट्ट, डोळ्यांपुढे धूसर, आणि घाम कमी. घामाचं पुढे बोलू, खान्देशात ते महत्त्वाचं आहे.

पॉइंट बघा. ०.५ आणि ५ यांच्यात फक्त एक ठिपका आहे. चिठ्ठी घेऊन स्ट्रिपवरचं नाव आणि मि.ग्रॅ. अक्षर न अक्षर जुळवा. घाई करणारा दुकानदार असेल तर त्याला थांबवा.

सिरिंज मागा. पातळ औषध सहसा १ मिलीत १ मि.ग्रॅ. असतं. त्यासोबत येणारा ड्रॉपर किंवा सुई नसलेली १ मिलीची सिरिंज, बस. चमचा नाही, झाकण नाही. घरातले जे जे देणार, आजी, काका, त्या सगळ्यांसमोर एकदा पाणी भरून रेघ दाखवा, रेघेवर मार्करने खूण करा.

तोंडात विरघळणारी गोळी फॉइलमधून अंगठ्याने दाबून काढू नका, चुरा होतो. फॉइल सोलायचा, कोरड्या हाताने जिभेवर ठेवायची, लगेच. तोडून अर्धी ठेवायची नाही.

ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. ओळखीवर मागू नका, माझ्याकडे तर मिळणारच नाही.

## ५. पहिले पंधरा दिवस

जी वेळ डॉक्टरांनी सांगितली तीच रोज. झोप येत असेल तर रात्री, झोप उडत असेल तर सकाळी हलवतात, पण विचारून.

रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात घालू नका. कोल्ड्रिंकमध्येही नाही. ते त्यांच्यासोबत जमत नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे पोराला सकाळी कपभर चहा-खारी ठरलेली आणि औषध लपवायला तोच कप सापडतो. पाण्यात, संत्र्याच्या रसात किंवा साय काढलेल्या पातळ दुधात चालतं, तेही थोड्याशाच, नाहीतर अर्धा ग्लास उरला की अर्धा डोस उरला.

डोस राहिला तर आठवल्यावर द्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. दोन-चार दिवस सलग राहिले असतील तर फोन केल्याशिवाय पूर्ण डोसपासून सुरू करू नका.

पहिल्या आठवड्यात पोरगा झोपाळतो, सुस्त होतो. घरचे म्हणतात वा, गुण आला. तो गुण नाही, ती झोप आहे. खरा फरक कळायला आठवडे जातात. एरिपिप्राझोल तर अंगातून अर्धी कमी व्हायलाच साधारण ७५ तास लागतात, रक्तात तिची पातळी स्थिर व्हायला पंधरा दिवस. म्हणून "तीन दिवस दिली, काही नाही, दुप्पट करू" याला अर्थच नाही.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. दोन गोष्टी हमखास चुकीच्या ओळखल्या जातात.

मान वाकडी होणं. सुरुवातीला किंवा डोस वाढल्यावर पहिल्या काही दिवसांत अचानक मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. पोरगा शुद्धीवर असतो, घाबरलेला असतो. गावात लगेच दोनच शब्द निघतात, मिरगी किंवा बाहेरचं. मग कांदा हुंगवा, लिंबू उतरवा, भगताकडे न्या. अरे ते औषधाचं आहे! जवळच्या दवाखान्यात न्या, औषधाचं नाव दाखवा, योग्य इंजेक्शन मिळालं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात मान सरळ होते. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, घशात अडकेल. श्वास किंवा गिळणं अवघड वाटलं तर १०८.

बेचैनी. पोरगा एका जागी बसत नाही, पाय हलवत राहतो, येरझाऱ्या, रडतो, झोपत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरांना फोनवर सांगतात "अजून हायपर झालाय", तिकडून डोस वाढतो, बेचैनी अजून वाढते, आणि हे चक्र मी एका घरात दीड महिना चाललेलं बघितलंय. फोनवर असं सांगा: "गोळी सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून हे नवीन सुरू झालं." तारखेसह. एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतो. त्यासाठीच वही.

थांबा, हे असेल तर पुढचा डोस न देता सरळ हॉस्पिटल: खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, बरळणं किंवा गुंगी, दरदरून घाम. हे क्वचित होतं पण जिवावर बेततं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

## ६. भूक आणि वजन

२००२ साली अमेरिकेत ऑटिझमच्या १०१ मुलांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली होती. रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. पण त्याच आठ आठवड्यांत गोळीवाल्यांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, दुसऱ्यांचं ०.८. म्हणजे औषध काम करतं आणि किंमतही घेतं, दोन्ही खरं. ओलान्झापिनमध्ये वजन अजून जास्त वाढतं, एरिपिप्राझोलमध्ये सहसा कमी वाढतं.

भूक खरी असते, हट्ट नसतो, म्हणून "किती खातो रे" म्हणून बोलू नका. घरात काय ठेवता ते बदला. शेव, फरसाण, बिस्किटं, कोल्ड्रिंक घरात आणायचंच नाही, आणलं की शोधून काढतो, आमचा तर पिठाच्या डब्यामागून काढायचा. शेवभाजी महिन्यातून एकदा. कळण्याची भाकरी, वरण, भरीत बिनधास्त, फक्त भरितावरचं तेल आणि सोबतच्या पुऱ्या आवरा. जेवायला बसताना आधी काकडी, गाजर, बिनसाखरेचं ताक, मग भाकरी. केळी आपल्याकडे घरोघरी घडानेच असतात, एक द्या, घड समोर टांगून ठेवू नका. आमरसाच्या दिवसांत वाटी ठरवून द्या आणि मोठ्यांनीपण तेवढीच घ्या, त्याला एकट्याला पथ्य आणि बाकीचे ओरपतायत हे चालणार नाही.

वजन दर रविवारी, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत. किराणा दुकानातला काटा चालेल, पण तोच. तीन महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे ३० किलोच्या पोराचं दीड किलो, की पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. शुगर-लिपिड तीन महिन्यांनी परत, मग डॉक्टर सांगतील तसं. खूप तहान, सारखी लघवी सुरू झाली तर लगेच. अंथरुणात लघवी व्हायला लागली तर मारू नका, तेही औषधाने होऊ शकतं, वहीत लिहा.

आणि जे मुलं सांगत नाहीत ते: रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन (अंगात दूध आणणारं हार्मोन) वाढून मुलांची छाती वाढू शकते, मुलींची पाळी थांबू शकते, छातीतून पाणी येऊ शकतं. वयात येणारी पोरं लाजतात. आईने किंवा मावशीने, मुलगा असेल तर बापाने महिन्यातून एकदा साधं विचारावं.

## ७. एप्रिल ते जून

ही पायरी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या यादीत असेलच असं नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. ही औषधं शरीराची उष्णता सांभाळायची यंत्रणा बिघडवू शकतात, आणि सोबत ती प्लसवाली गोळी असेल तर घामही कमी. त्यात जे मूल तहान लागली हे सांगत नाही, त्याची काय अवस्था होईल बघा.

अकरा ते पाच बाहेर नाही, लग्न कुणाचंही असो. पाणी मागितल्यावर नाही, घड्याळाने द्यायचं. अंग तापलं पण घाम नाही, लाल झालाय, भांबावलाय, तर सावलीत घ्या, ओल्या कपड्याने पुसा, वारा घाला आणि हॉस्पिटल गाठा. ऊन लागलं की वर सांगितलेला औषधाचा ताप, हे घरी ठरवत बसू नका, दोन्ही सारखेच दिसतात. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य औषधाचं नाव.

पत्र्याच्या घरात दुपारी मांडणीवरची स्ट्रिप भाजून निघते. औषध भिंतीतल्या खालच्या कप्प्यात, बंद डब्यात. माठाशेजारी नको, ओल लागते. आणि कुलूप लावा, धाकटं भावंड चॉकलेट समजून खातं.

## ८. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना

वहीच्या मागच्या पानावर चालू औषधांची यादी आणि ती प्रत्येक डॉक्टरला दाखवायची, सर्दी-उलटीसाठी गेलात तरी. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं तर मान वाकडी व्हायचा धोका वाढतो. फिटची कार्बामाझेपिन या गोळ्यांचा परिणाम कमी करते, फ्लुओक्सेटिन वाढवते. म्हणून काही सोडायचं नाही, फक्त सांगायचं. बिनलेबलची पुडीसुद्धा सांगायची.

डॉक्टर लांब असतील आणि काही सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. मान वाकडी होणं, ताप, शुद्ध हरपणं यासाठी मात्र फोन नाही, दवाखाना.

## ९. चालू ठेवायची की बंद

ब्रिटनच्या नाइस संस्थेची ऑटिझममधल्या त्रासदायक वागण्यासाठी सूचना अशी आहे की तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्या आणि सहा आठवड्यांत नजरेत भरणारा फायदा नसेल तर औषध थांबवा. पहिल्या पानावरचं वाक्य काढा, रकाने मोजा, आधी आठवड्याला किती वेळा आपटायचा आणि आता किती. तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवा. फायदा असेल तरी दर काही महिन्यांनी विचारा, अजून गरज आहे का, कमी करून बघायचं का.

मनाने एकदम बंद करू नका. झोप उडते, उलट्या होतात, अंगाच्या विचित्र हालचाली येतात, जुनं वागणं दुपटीने परत येतं, आणि मग घरचे म्हणतात बघा सवय लागली. सवय नाही लागली, एकदम तोडली म्हणून झालं. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात, प्रत्येक टप्प्याला काही आठवडे.

उतरवायला कधी सुरुवात करायची याची तारीख आपण सुचवू शकतो. शाळा सुरू व्हायचा जून नको, घरात लग्न असेल तो महिना नको, दिवाळीत फटाके असतात तेव्हा नको. भाच्याची आम्ही पोळ्यानंतर सुरू केली होती, एक टप्पा उतरला, दुसऱ्याला रात्रीची झोप गेली, डॉक्टरांनी परत आधीच्या डोसवर आणून ठेवलं, सध्या तिथेच आहे. पुढच्या वर्षी परत बघू म्हणालेत. वही आता तिसरी चालू आहे.